चीनने मॅग्नेट अडवले तेव्हा: अंबडमधल्या एका मोटर कारखान्याचं प्रकरण

प्रकरणाची ओळख

४ एप्रिल २०२५ ला चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली: समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कॅन्डियम आणि यट्रियम. त्यांच्यापासून बनणारे काही मिश्रधातू आणि मॅग्नेटही यादीत होते. अमेरिकेने जगभरच्या मालावर नवं आयातशुल्क जाहीर केलं त्याला तेव्हा दोनच दिवस झाले होते. रोख वॉशिंग्टनकडे होता हे उघड होतं. पण अट सगळ्याच देशांना लागू होती. त्यामुळे ती नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका मोटर कारखान्यालाही लागू झाली, ज्याने अमेरिकेला आजवर एक मोटरसुद्धा विकलेली नाही.

त्या कारखान्याने पुढच्या सात-आठ महिन्यांत काय केलं, कुठे अडला आणि कुठे बरोबर वळला, ते इथे मांडलं आहे. कारखान्याचं कॉस्टिंग आणि आयातीची कागदपत्रं मी बाहेरून बघतो, त्यामुळे बहुतेक बैठकांना हजर होतो. मालकांच्या परवानगीने लिहीत आहे. ग्राहकांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पार्श्वभूमी

कारखाना दोन भावांचा. थोरल्यांना सगळे 'दादा' म्हणतात, धाकट्यांना 'भाऊ'. सुरुवात सातपूरला मोटर रिवाइंडिंगच्या गाळ्यात झाली. पुढे अंबडला प्लॉट मिळाला, ब्रशलेस मोटरचं काम हाती आलं आणि माणसं शंभराच्या आसपास गेली. त्यातली निम्मी वाइंडिंगवर, म्हणजे तांब्याची तार गुंडाळण्याच्या कामावर, आणि त्यांत बहुसंख्य बाया.

माल तीन प्रकारचा. इलेक्ट्रिक तीनचाकीची मोटर हे मुख्य काम. दुसरं, रेडिएटरच्या पंख्याच्या छोट्या मोटर. तिसरं काम लहान पण दादांच्या अभिमानाचं: ओझरच्या लढाऊ विमानांच्या कारखान्याला सुटे भाग देणाऱ्या एका पुरवठादारासाठी अ‍ॅक्च्युएटरच्या मोटर. संख्या थोडी, तपासणी कडक, पैसे वेळेवर.

तिन्हींत निओडायमियम मॅग्नेट बसत आणि तिन्हींसाठी ते चीनमधल्या निंगबोच्या एकाच पुरवठादाराकडून येत. यात वेगळं काही नव्हतं. जगातले असे सुमारे ९० टक्के मॅग्नेट चीनमध्येच बनतात. आपल्याकडे केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, त्यातून रेअर अर्थचे ऑक्साइड काढणारी सरकारी कंपनीही आहे. पण ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू आणि त्याचा भाजून पक्का केलेला मॅग्नेट, ही मधली साखळी मोठ्या प्रमाणावर उभीच राहिली नाही.

मॅग्नेटच्या वर्गांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर फिरतात. निओडायमियम मॅग्नेट ताकदवान असतो, पण तापला की शक्ती गमावतो. म्हणून त्यात थोडं डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घालतात. 'एच' वर्गाचा मॅग्नेट साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत चालतो, 'एसएच' १५० पर्यंत. खुद्द निओडायमियम एप्रिलच्या यादीत नव्हतं. अडवलं होतं ते हे चिमूटभर डिस्प्रोशियम.

अट सगळ्यांना का

पहिल्याच बैठकीत भाऊंनी विचारलं, "भांडण त्यांचं आणि अमेरिकेचं. आपला माल कशाला धरलाय?"

उत्तर व्यापारबंदीच्या घडणीतच आहे. एका देशाला माल बंद केला आणि शेजाऱ्याला चालू ठेवला, तर तो शेजाऱ्याकडून फिरून पोचतो. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिका आणि नेदरलँड्सचं तेल तोडलं, पण जहाजं समुद्रात वळवता येतात. टंचाई आणि भाववाढ सगळ्या जगाच्या वाट्याला आली, भारताच्याही. सप्टेंबर २०१० मध्ये सेनकाकू बेटांजवळ एका चिनी मासेमारी बोटीची जपानी तटरक्षक जहाजांशी टक्कर झाली आणि त्यानंतर जपानकडे जाणारं रेअर अर्थ काही आठवडे अडलं. त्या वेळी लेखी बंदी जाहीर झाली नव्हती. माल बंदरात नुसता थांबत होता. निर्यातीच्या कोट्यांवरून अमेरिका, युरोपीय संघ आणि जपान जागतिक व्यापार संघटनेत गेले, २०१४ मध्ये जिंकले, आणि २०१५ च्या सुरुवातीला चीनने कोटे काढले.

२०२५ ची रचना यातून शिकून केलेली दिसते. बंदी म्हणायची नाही, कोटा ठेवायचा नाही. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली परवाना ठेवायचा आणि प्रत्येक अंतिम वापरकर्त्याला नाव-गावासह समोर आणायचं. मग कुणाला किती दिवस थांबवायचं हे अर्जागणिक ठरवता येतं. यात नकार क्वचितच द्यावा लागतो, विलंबानेच काम होतं. मे महिन्यात फोर्डने शिकागोचा कारखाना आठवडाभर बंद ठेवला, सुझुकीने जपानमध्ये स्विफ्टचं उत्पादन थांबवलं. जूनमध्ये अमेरिका आणि चीनचे प्रतिनिधी लंडनला बसले तेव्हा रेअर अर्थ हा मुख्य विषय होता. दबाव म्हणून हे हत्यार चाललं, आणि फार लवकर चाललं, हे मान्य करावं लागतं.

अडचण

एप्रिलमध्ये कारखान्यात साधारण दोन महिने पुरतील इतके मॅग्नेट होते. पुढची खेप निंगबोत बांधून तयार होती. पुरवठादाराचा निरोप आला की परवान्याशिवाय माल निघणार नाही, आणि परवान्यासाठी अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र हवं.

आठवडाभर सगळ्यांना वाटलं, एक कागद आहे, भरून देऊ. कागद हातात आला तेव्हा चेहरे बदलले. मॅग्नेट कोणत्या मोटरमध्ये बसणार, मोटर कोणत्या वाहनात, वाहन कोण विकणार, आणि हा माल लष्करी कामासाठी वापरणार नाही याची लेखी हमी. त्यावर भारतीय बाजूचं प्रमाणीकरण, मग दिल्लीतल्या चिनी दूतावासाचा शिक्का, मग निंगबो, मग त्यांचं वाणिज्य मंत्रालय. तिथल्या नियमात छाननीला ४५ कामाचे दिवस दिलेले आहेत, आणि शंका निघाली की ते लांबतात.

आणखी एक गुंता होता. पंख्याच्या मोटरचे मॅग्नेट डिस्प्रोशियमविना होते, म्हणजे यादीबाहेरचे. पण कस्टमच्या वर्गीकरणात दोन्ही एकाच सदरात येतात आणि वरून बघून ओळखू येत नाहीत. चिनी कस्टम सगळ्याच पेट्या तपासणीसाठी धरू लागलं. नियमात मोकळा असलेला मालही अडकला.

समोर असलेले पर्याय

परवान्याचा अर्ज करून वाट बघायची, हा पहिला आणि उघड पर्याय. तो सोडायचा नव्हता, पण त्याच्या भरवशावर पगार होणार नव्हते.

दुसरा पर्याय फोनवरून रोज येत होता. मुंबई-दिल्लीचे व्यापारी तिसऱ्या देशातून मॅग्नेट देऊ म्हणत. भाव कित्येक पट, पैसे आगाऊ, मिश्रणाचा दाखला नाही. खरेदी बघणाऱ्या मॅडमनी नमुना मागवला आणि तापवून पाहिला. एसएच म्हणून दिलेला मॅग्नेट १०० अंशांच्या पुढे टिकला नाही. हा विषय तिथेच संपला. अशा टंचाईत बनावट माल मोटरमध्ये बसतो आणि वर्षभराने भर रस्त्यात रिक्षा बंद पडते. त्याची किंमत कारखाना देतो, व्यापारी नाही.

तिसरा पर्याय मोहाचा होता. नियंत्रण सुट्या मॅग्नेटवर होतं, तयार मोटरवर नव्हतं. निंगबोचाच पुरवठादार म्हणाला, "पूर्ण मोटर घ्या, पुढच्या आठवड्यात पाठवतो." ग्राहकाचा डिस्पॅच वाचला असता, पण वाइंडिंगच्या सगळ्या बाया घरी बसल्या असत्या आणि देशी बनावटीच्या सरकारी अटींमुळे वाहन कंपनीचं अनुदान धोक्यात आलं असतं. दादांनी त्यावर जे सांगितलं ते मी लिहून ठेवलं: "आज मोटर आणली तर उद्या आपण मोटर बनवणारे राहत नाही, डबे उघडणारे होतो."

या नियंत्रणाचा हा परिणाम पुरेसा बोलला जात नाही असं मला वाटतं. कच्चा माल अडवून पक्का माल मोकळा ठेवला की समोरच्या देशातलं कारखानदारीचं काम आपोआप सरकत सरकत नियंत्रण करणाऱ्या देशाकडे जातं.

चौथा पर्याय, डिझाइन बदलायचं. फेराइट मॅग्नेट देशात मिळतात आणि त्यांत रेअर अर्थ नसतं, पण त्यांची चुंबकीय ऊर्जा निओडायमियमच्या साधारण दहाव्या हिश्श्याची. तीनचाकीत तेवढी मोठी मोटर मावणार नव्हती. खालच्या वर्गाचा, डिस्प्रोशियमविना बनलेला निओडायमियम मॅग्नेट चालेल का, हा खरा प्रश्न होता.

पहिला निर्णय: आपल्याला नक्की किती उष्णता सोसायची आहे?

डिझाइनच्या तरुण इंजिनीअरने मे महिन्यात विचारलं की मुळात एसएच वर्ग कुणी ठरवला. ड्रॉइंगवर तो पहिल्यापासून होता. ग्राहकाला विचारलं तर त्यांच्या जुन्या मोटरच्या ड्रॉइंगवरून आला होता. प्रत्यक्ष रस्त्यावर रोटर, म्हणजे मोटरचा मॅग्नेट बसवलेला फिरता भाग, किती तापतो हे कुणीच मोजलेलं नव्हतं.

फिरत्या रोटरचं तापमान मोजणं सोपं नाही. त्याने रोटरवर उष्णतेने रंग बदलणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या, गाडीत पूर्ण वजन भरलं आणि ऐन उन्हात सप्तशृंगी गडाच्या घाटात नांदुरीहून वर चढवली, पुन्हा पुन्हा, मध्ये थंड होऊ न देता. पट्ट्या ११० ते ११५ अंशांच्या दरम्यान थांबल्या. मग रोटर बाहेरून दुसऱ्या मोटरने ठरावीक वेगाने फिरवून निघणारा व्होल्टेज आधीच्या नोंदीशी ताडून पाहिला. मॅग्नेटची शक्ती घटली असती तर तो व्होल्टेज कमी आला असता.

म्हणजे एच वर्ग काठावर चालेल, पण काठावरच. शेवटी ठरलं ते असं: बारीक कणांच्या पद्धतीने बनलेला, डिस्प्रोशियम-टर्बियम नसलेला एच वर्गाचा मॅग्नेट; मोटरच्या झाकणाला जादा पंख; आणि वाइंडिंगचं तापमान ठरलेल्या मर्यादेवर गेलं की कंट्रोलरने प्रवाह कमी करायचा. रिक्षावाल्याच्या दृष्टीने घाटात भरलेली गाडी थोडी हळू चढणार. ग्राहकाचे अधिकारी यावर अडले. त्यांना भाऊंनी घाटातल्या नोंदी दाखवल्या आणि बहुतेक गाड्या शहरातच फिरतात हे त्यांच्याच सर्व्हिसच्या आकड्यांवरून पटवलं. मोटर बदलली म्हणून पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेत चाचणी पुन्हा करावी लागली. त्या रांगेत इतरही बरेच होते, कारण जून-जुलैपर्यंत सगळा वाहन उद्योग याच वाटेवर आला होता. जुलैमध्ये बजाज ऑटोने ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं असं जाहीर सांगितलं होतं.

पंख्याच्या मोटरचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. फेराइटवर नेली, आकार आणि वजन वाढलं, ग्राहकाने ब्रॅकेट बदललं.

दुसरा निर्णय: हमीवर सही

हा भाग माझ्या मते या प्रकरणाचा गाभा आहे.

अर्जात लष्करी वापर नाही अशी हमी होती, आणि कारखान्यात ओझरसाठी जाणाऱ्या मोटर त्याच छताखाली बनत होत्या. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "सही करून टाका साहेब, कोण बघायला येतंय?" दुसरी सूचना होती नातेवाइकाच्या नावाने वेगळी फर्म काढायची.

दादांनी दोन्ही नाकारलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "ओझरला माल देतो हे मी अभिमानाने सांगतो. ते लपवायला लागलं तर तो माल देण्यात अर्थ काय?" व्यवहाराच्या बाजूनेही ते बरोबर होते. खोटी हमी उघडी पडली असती तर पुरवठादाराचाच परवाना गेला असता आणि त्याच्याकडून घेणारे इथले बाकीचे कारखानेही अडकले असते.

ठरलं असं, की संरक्षणाच्या कामात चिनी मॅग्नेट वापरायचेच नाहीत. ओझरला भाग देणाऱ्या त्या पुरवठादाराला तसं लेखी कळवलं. त्यांनी युरोपातून मॅग्नेट स्वतः आणून द्यायचे आणि कारखान्याने जॉबवर्क म्हणून मोटर बांधायची. नफा घटला. साठ्याची खोली, नोंदवही आणि कुलूपही वेगळं केलं. त्यानंतरच तीनचाकीपुरत्या अर्जावर सही झाली.

दुसरी अडचण ग्राहकाच्या बाजूने आली. अर्जात मोटरचं ड्रॉइंग आणि विक्रीची माहिती मागितली होती, आणि वाहन कंपनीला ती परक्या सरकारच्या हाती द्यायची नव्हती. त्यांची भीती खरी आहे. असे हजारो अर्ज एकत्र ठेवले तर कोणत्या देशात कोण, काय, किती बनवतं याचा पूर्ण नकाशा तयार होतो. बराच काळ पत्रव्यवहार झाल्यावर मापं झाकलेलं ड्रॉइंग आणि आकड्यांऐवजी फक्त वाहनाचा प्रकार, यावर तडजोड झाली. त्यात अर्ज महिनाभर मागे पडला.

मधले दिवस

जुलैमध्ये तीनचाकीची लाइन थांबली. उरलेले एसएच मॅग्नेट फक्त वॉरंटीच्या मोटरसाठी राखले. परत आलेल्या जुन्या मोटरचे रोटर तापवून, चिकटद्रव्य सोडवून मॅग्नेट काढले. जे मापात आणि शक्तीत बसले ते पुन्हा चुंबकित करून वापरले. काम किचकट, पण त्यावर काही आठवडे निघाले.

कायम कामगारांना पंख्याच्या मोटरवर घेतलं. कंत्राटी बायांना ठेकेदारामार्फत थांबायला सांगितलं. त्यांतल्या काही जणी परत आल्याच नाहीत, आणि वाइंडिंगचा हात तयार व्हायला वर्ष जातं. बीजिंग-वॉशिंग्टनच्या ओढाताणीत पहिली मजुरी सिडको, पाथर्डीच्या घरांत बुडाली. दबावाच्या या साधनाचा हिशेब मांडणाऱ्यांनी ही ओळ त्यात धरायला हवी.

काय निष्पन्न झालं

डिस्प्रोशियमविना मॅग्नेटची पहिली खेप मिश्रणाच्या प्रयोगशाळा अहवालासह निघाली. तरीही ती तपासणीसाठी धरली गेली, पण महिने न जाता काही आठवड्यांत सुटून न्हावा शेवाला लागली. गणपतीच्या सुमारास लाइन पुन्हा सुरू झाली, आधी एका पाळीत.

दिल्लीत ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी आले तेव्हा रेअर अर्थचा विषय निघाला. ऑक्टोबरच्या शेवटी काही भारतीय कंपन्यांना परवाने मिळाल्याचं परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं. दरम्यान ९ ऑक्टोबरला चीनने यादी आणखी वाढवली होती. ३० ऑक्टोबरच्या ट्रम्प आणि शी जिनपिंग यांच्या बुसान भेटीनंतर ती वाढ वर्षभरासाठी स्थगित झाली. एप्रिलची सात मूलद्रव्यं मात्र परवान्याखालीच राहिली. या कारखान्याचा परवाना दिवाळी उलटल्यावर आला, ठरावीक मालापुरता.

२६ नोव्हेंबर २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात मॅग्नेट बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन क्षमतेची. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जुलैमध्येच तिथल्या खाण कंपनीत भांडवल घातलं होतं. २०१० नंतर जपानने ऑस्ट्रेलियातल्या लायनस या रेअर अर्थ कंपनीत पैसे घालून चीनवरचं अवलंबन कमी केलं, तसंच हे.

नाशिकला याची दुसरी बाजू ठाऊक आहे. २९ सप्टेंबर २०१९ ला आपण कांद्याची निर्यात बंद केली, २०२० मध्ये पुन्हा, ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा. हेतू देशातला भाव आवरण्याचा होता, कुणावर दबाव आणण्याचा नाही. पण ढाक्याला बसलेली झळ त्याने कमी झाली नाही. बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीत म्हणाल्या होत्या की स्वयंपाक्याला कांद्याविना रांधायला सांगितलं आहे. मग बांगलादेशाने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान असे दुसरे पुरवठादार शोधले आणि घरचं पीक वाढवलं. लासलगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याने जे गमावलं तेच निंगबोचा पुरवठादार आता गमावतो आहे. त्याच्याकडून एसएच मॅग्नेट घेणारा एक कारखाना कायमचा एच वर्गावर गेला.

काय वेगळं करता आलं असतं

इशारे होते. ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम आणि जर्मेनियमला परवाना लागला, त्याच डिसेंबरात ग्रॅफाइटला, आणि मॅग्नेट बनवण्याच्या तंत्राची निर्यातही तेव्हाच रोखली गेली. मोटर बनवणाऱ्याने ती शेवटची बातमी वाचून सहा महिन्यांचा साठा केला असता तर लाइन थांबली नसती. भांडवल अडकलं असतं हे खरं. पण मॅग्नेट नासत नाहीत आणि खोलीभर जागेत मावतात.

घाटातली चाचणी शांततेच्या काळात, दोन वर्षं आधी व्हायला हवी होती. तिला लागलेला खर्च एका खेपेच्या भाड्यापेक्षाही कमी होता.

सातपूर-अंबडमध्ये हेच मॅग्नेट वापरणारे आणखी काही कारखाने आहेत. प्रत्येकाने आपला साठा आणि आपला अर्ज झाकून ठेवला. उद्योजकांच्या संघटनेमार्फत एकत्र बसले असते तर एकाच नमुन्यात अर्ज गेले असते, दूतावासाच्या फेऱ्या वाचल्या असत्या, आणि जादा मॅग्नेट असलेल्याने कमी असलेल्याला उसने दिले असते. दादांनी सप्टेंबरात तसा प्रयत्न केला. बैठकीला लोक आले, बोलले, साठ्याचे आकडे मात्र कुणी सांगितले नाहीत.

कंत्राटी बायांना अर्ध्या मजुरीवर धरून ठेवायचा प्रस्ताव मी जूनमध्ये मांडला होता. खर्चामुळे तो मागे पडला. नव्या हातांना शिकवण्यात आणि बिघडलेल्या स्टेटरमध्ये (मोटरचा तार गुंडाळलेला स्थिर भाग) त्याहून जास्त गेले.

परवाना आल्यावर भाऊंचं मत पुन्हा एसएच आणावेत असं आहे. घाटात गाडी हळू चढते म्हणून दोन-तीन विक्रेत्यांच्या तक्रारी आहेत. दादा आणि इंजिनीअर एच वर्गावर ठाम आहेत, पण एका उन्हाळ्याच्या नोंदी पुरेशा नाहीत हे दोघांनाही मान्य आहे. सध्या दोन्ही ड्रॉइंग ग्राहकाकडून मंजूर करून घेतली आहेत. येत्या मे महिन्यात मालेगाव बाजूच्या गाड्यांवर पट्ट्या लावून पुन्हा मोजायचं ठरलं आहे, आणि तोवर एसएचची मागणी परवान्यात बसते तेवढीच नोंदवली आहे.